पोलिसांना कुणी सांगितलं

बाबा, तुमचा मला अगदी वैताग आला आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी उत्तर आयर्लंडमधल्या त्या गावातून माझी सुटका नाही. परवा तिथलं आपलं घर विकायच्या कामासाठी इंग्लंडमधून, बेसिंगस्टोकहून गेले, तर शेजारच्या आजींनी आत बोलावून खुर्चीत बसवलं आणि सरळ विचारलं, "तुझ्या वडिलांना ठाऊक होतं. आता तरी सांग."

ती गोष्ट जेवताना रंगवून सांगायचात तुम्हीच ना! दीडशे वर्षांपूर्वी जमीनदारानं गावाच्या चराईच्या माळाला भिंत घातली. मग कपड्यांवर पांढरे सदरे चढवून, तोंडाला काजळी फासून गावातली माणसं गेली आणि भिंत पाडून आली. पोलीस घरोघर फिरले. सगळ्यांचं उत्तर एकच, "आम्ही काही पाहिलं नाही." तरी कुणीतरी फितूर झालं आणि माणसं काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियात गेली. ठपका आला आजींच्या पणजोबांवर. अजूनही त्यांच्या घराला 'पोलिसांचं घर' म्हणतात. हसत म्हणतात, पण म्हणतात. आजींच्या लग्नाला अर्धं गाव आलं नव्हतं. गोष्ट इथवर आली की तुम्ही उठून किटली लावायचात. "मग सांगितलं कुणी?" मी विचारायची. "मला काय ठाऊक!" नागपूरचा माणूस, पण तोंड मिटून बसण्यात त्या गावाच्याही वरताण.

आणि ठाऊक तर होतंच. तुमच्या एका म्हाताऱ्या पेशंटनं मरताना कबूल केलं होतं, "फितूर आमच्याच घरातला होता." ते तुम्ही स्वयंपाकघरात आईला सांगितलंत, मराठीत, म्हणजे जणू कुलूप लावून. मी तिथेच टेबलाशी होमवर्क करत होते, बाबा!

"अहो, मग शेजारच्यांचं नाव क्लिअर करा ना," आई म्हणाली.

"पेशंटनं डॉक्टरला सांगितलंय, पोलिसांना नाही."

"आणि त्या बाईनं जन्मभर ऐकून घ्यायचं?"

तुम्ही तव्यावरची पोळी उलटत राहिलात.

परवा मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागच्या दारानं एक जण दूध, ब्रेड आणि कोळशाची पिशवी घेऊन आला. तुमच्या त्या पेशंटचा नातू. त्याला यातलं काही माहीत नाही. शेगडीत कोळसा घालून, आजींच्या गुडघ्याची चौकशी करून तो गेला. "रोज येतो. हा नसता तर मी केव्हाच केअर होममध्ये गेले असते," आजी म्हणाल्या. "हं, काय सांगत होतीस?"

"मला काही ठाऊक नाही," मी म्हणाले, आणि उठून किटली लावली. "अगदी बापावर गेलीस," आजी म्हणाल्या, आणि ते काही कौतुक नव्हतं.

कुणावर चिडू, सांगा ना! आजी अजून त्याच ठपक्याखाली जगताहेत, आणि आता त्यात माझाही हात आहे. हे पत्र कुठे जाणार नाही, कुणी वाचणार नाही, शिवाय मराठीत आहे. तरी त्या फितुराचं नाव लिहायला दोनदा पेन टेकवलं, आणि उचललं.