गंटू

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
नवी पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी १९७४, सकाळ

ती. नागनाथदादा यांस,
भीमाशंकरचा शरणार्थ वि. वि.

आप्पा अत्यवस्थ असल्याची तुमची तार काल संध्याकाळी कारखान्यात मिळाली. तुमची बहीण गिरिजा रडून अर्धी होईल, म्हणून तिला एसटीत बसल्यावरच सांगायचं, असं आईने ठरवलं. सकाळी मी रजा मागायला अक्कलकोट रोडला कारखान्यात गेलो, ती उद्यापासूनची मिळाली. परत येतो तो गिरिजा घरात नाही. चपला दारातच. तू काय बोललीस म्हणून आईला विचारलं, तर सामान बांध एवढंच म्हटलं म्हणते.

तलावाकडे माणसं धाडली आहेत. मंगळवेढ्याच्या गाडीचा कंडक्टर महिपती ओळखीचा आहे, त्याच्या हाती हे देतो. ती तिकडे आली असेल तर परतीच्या गाडीने दोन ओळी धाडा. लग्नाला दोन महिनेही झाले नाहीत. आमच्यावरचा लोभ तुटू देऊ नका.

आपला,
भीमाशंकर

मंगळवेढा
१२ फेब्रुवारी, दुपार

श्री. भीमाशंकर यांस,
नागनाथचा नमस्कार.

गिरिजा इथं आहे. आधी तलावावरची माणसं परत बोलवा.

ती आली तेव्हा तुम्हीच आजाराचं सांगून पाठवली असेल, असं आम्ही धरून चाललो. आप्पांना असं पडलेलं बघून ती उंबऱ्यातनंच विचारू लागली, ह्यांना काय झालं? तिला काहीच ठाऊक नव्हतं! मग आईपाशी रडत तिने सगळं सांगितलं. सकाळी तिच्या हातून भाकरी करपल्या. थोड्या वेळाने तुमच्या मातोश्री तोंड फिरवून तिला म्हणाल्या, गंटू कट्टु. तिला कानडी कुठलं? शेजारच्या गोजरबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, बोचकं बांध आणि घरातनं चालती हो. पोर अनवाणी निघाली.

करपलेल्या भाकरीपायी सून हाकलतात, हे आम्ही आजवर ऐकलेलं नाही. आप्पांना यातलं काही कळू दिलेलं नाही. लोभाचं तुमचं तुम्हीच ठरवा.

नागनाथ

सोलापूर
१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. दादा यांस,
शरणार्थ.

ती सुखरूप आहे हे वाचताच मी तलावावरची माणसं परत बोलावली. पुढचं आईला वाचून दाखवलं, तेव्हापासून मंगळवेढ्याला ने म्हणून ती पाठीस लागली आहे.

दादा, गंटू म्हणजे नुसतं गाठोडं. गाणगापूरला निघालो तरी आम्ही गंटू बांधतो, बाजारातनं डाळ आणली तरी तिचा गंटूच. माझ्या रेक्झिनच्या बॅगेलाही आई गंटूच म्हणते. गोजरबाईंच्या कानावर तो शब्द भांडणातच पडला असेल. आईने तोंड फिरवलं ते डोळे भरून आले म्हणून. भाकरी करपल्याचं तिला आठवतही नाही.

उद्या पहिल्या गाडीने आम्ही दोघं येतो. दारात उभं करा, एवढीच विनंती.

आपला,
भीमाशंकर

मंगळवेढा
३ मार्च १९७४

तीर्थरूप सासूबाईंच्या चरणी,
गिरिजेचा शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पांना माती दिली त्या दिवशी तुम्ही मला पोटाशी धरलंत, पण गर्दीत बोलता आलं नाही. ह्यांच्याकडून हे वाचून घ्या.

मी अनवाणी आले त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते, आप्पांजवळ मी एकटीच होते. त्यांना शुद्ध आली. मला बघून म्हणाले, तुला गं कुणी पाठवलं? मला लई राग होता हो तुमचा. पण मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं? सासूबाईंनी पाठवलं, एवढंच मी म्हणाले. आप्पा हसले. एवढ्या तातडीने लेक धाडली, माणसं चांगली मिळाली की, म्हणाले. मग माझ्या हातचं चमचाभर पाणी घेतलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात, तेव्हा ते गेले होते.

तुम्ही मला खरं सांगितलं असतं, तर मी ह्यांच्या रजेसाठी थांबले असते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबरच पोचले असते. मग आप्पा भेटलेच नसते. राग धरावा की पाया पडावं, कळेनासं होतं.

आई आता थोडं खाते. दादा तुमच्यासमोर यायला लाजतो, त्याला सांभाळून घ्या. सोमवारी मी येते. माया आहे तशीच असू द्या.

तुमची सून,
गिरिजा