गाडी फोडावी, विकू नये

मी, यशोधरा सुगत रामटेके, वय अडुसष्ट, बी.ए., राहणार गढा, जबलपूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहिते. माझं डोकं फिरलं आहे असं माझा मुलगा वीरेंद्र सांगत फिरतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

एक. माझ्या नावाचं गढ्याचं घर सून मोना हिला. वीरेंद्रला नाही.

दोन. बँकेतली ठेव मोनाच्या कृत्रिम पायासाठी. तो दर काही वर्षांनी बदलावा लागतो.

तीन. दारातली पांढरी मोठी गाडी. ती माझ्या नावावर आहे. नवऱ्याने निवृत्त झाल्यावर मला भेट दिली. ती फोडायची.

नवरा चौतीस वर्षं संरक्षण कारखान्यात सुटे भाग तपासत होता. नापास भाग तो तिथल्या तिथे घणाने फोडायचा, कुणी तो परत ढिगात सरकवू नये म्हणून. तोच माणूस घरच्या गाडीला नापास म्हणेना. बॅटरी उतरायची, दारं आपोआप लॉक व्हायची, गिअर अडकायचा. फ्यूज रोज उडू लागला तेव्हा त्याने त्या जागी तांब्याची जाड तार बसवली. वर मला म्हणाला, "काहून घाबरून राहिली? मी पास केली न!"

मंडला रोडवर, आम्ही दोघं आणि मोना गाडीत असताना, ती तार तापली, वायरिंग जळलं. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. आम्ही उभ्या ट्रकखाली घुसलो. स्टिअरिंग त्याच्या छातीत रुतलं. दारं उघडेनात, आत धूर. मोना किंचाळत होती, "आई, माझा पाय! खींचो ना!" मी जॅकच्या दांड्याने काच फोडून बाहेर पडले. एकालाच ओढायला वेळ होता. मी मोनाला ओढलं. तेव्हा तो जिवंत होता, माझ्याकडे पाहत होता. हे पोलिसांना सांगितलं नाही, इथे लिहिते.

वीरेंद्रने ओमती भागातल्या गॅरेजमधून गाडी परत उभी केली.

"आई, नई वायरिंग डलवा दी. कांचघरचं गिऱ्हाईक आहे. चार लेकरं आहेत त्यांना, मोठी गाडीच पाहिजे."

"अपघाताचं सांगितलंस?"

"काहून सांगू?"

मी थोबाडीत मारली. ओठ फाटला. पस्तावा नाही. माझी सही मिळाली नाही, म्हणून तो आता सोमवारची वाट पाहतो आहे.

चार. वीरेंद्रला मी एक नवा घण देते, दुसरं काही नाही. आधी इंजिन फोडायचं, मग चासीवरचा नंबर. मोना खुर्ची टाकून समोर बसेल. ती पुरे म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही.

यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र धरू नये.

जबलपूर, १० जानेवारी २०२५
यशोधरा सुगत रामटेके

साक्षीदार:
१. विनीता गजभिये, शेजारीण, गढा.
२. श्रीरंग डोंगरे, कांचघर. हेच ते गिऱ्हाईक. आज सकाळी पत्नी आणि मुलांना घेऊन गाडी पाहायला आले होते. तिसरं कलम त्यांना वाचायला दिलं. त्यांनी त्या गाडीत चढून बसलेल्या मुलांना खाली उतरवलं आणि सही केली.