भट्टीवरची खोली

३ फेब्रुवारी, सोमवार
धाकट्या जावेच्या, सुप्रियाच्या मुलीचं बारसं झालं. सकाळपासून घुगऱ्या शिजवल्या, पानं वाढली. सासूबाई म्हणाल्या, "तू चुलीकडंच बघ. पाळण्याकडं कशाला दगदग." दगदग म्हणजे काय ते कळलं. चुलीपासूनच ऐकलं. वन्संनी बाळाच्या कानात सांगितलं, मग मोठ्यानं. जुई.
हे नाव माझ्या मुलीचं. फक्त वन्संना सांगून ठेवलं होतं, आत्यानं ठेवायचं म्हणून. ती बारशापर्यंत राहिलीच नाही.
घुगऱ्या पुरल्या सगळ्यांना.

४ फेब्रु.
भांडी घासताना वन्सं जवळ आल्या. "रागावलीस व्हय? नाव तरी घरात ऱ्हाईल म्हटलं." मी नाही म्हटलं. त्याच रडल्या. मी त्यांना पाणी दिलं.
दिवसभर तेच. जुई उठली. जुई शिंकली. सुप्रियाचं पोलकं दुधानं ओलं. माझं गोळ्या देऊन आटवलं होतं.

७ फेब्रु.
जेवताना ठरलं. आमचे हे इथंच शेती बघणार. कोइमतूरचं चांदी गाळायचं, गलाईचं दुकान आता दीर एकटे चालवणार, पंधरा दिवसांत सुप्रियाला आणि बाळालाही नेणार. खोली तीच, भट्टीवरची.
पहिलं मनात आलं ते, बरं झालं, नाव कानाआड होईल.
मग ताट सारून उठले.

८ फेब्रु.
ती खोली. खाली शिसं घालून चांदी गाळायची, धूर जिन्यानं वर. दुकानातली झाडलोट, झाडून निघालेला केर, कुणी टाकत नाही, तिच्यात चांदीचे कण असतात. मला दिवस गेले तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "वझं उचलू नगं. बसून झाडलोट चाळ तेवढी." पोटुशीला हलकं काम म्हणून घरातल्या सगळ्याच बायकांनी ते केलंय. मीही रोज चाळायची. तोंडाला गोडसर चव यायची. डोहाळे म्हणून सगळे हसायचे.
गणपतीत सांगलीला बाळंत झाले, वेळेआधीच. मूठभर जीव. डॉ. बाईंनी माझं रक्त तपासलं. "शिसं बरंच निघालंय. त्यानंच गेली असं मी लिहून देणार नाही. पण त्या खोलीत परत राहू नका. लहान मूल तर नकोच."
हे म्हणाले, कुठं बोलू नको, धंदा सगळ्या घराचा आहे. आम्ही परत का गेलो नाही, तर यांची पाठ दुखते. असं घरात सांगितलंय.

१० फेब्रु.
सुप्रियाला गोठ्यात गाठून सांगितलं. बाळाला तिकडं नेऊ नको.
"अक्का, सासूबाईंनी दोन पोरं तिथंच वाढवली. काय झालं त्यास्नी?"
"ते मला माहीत नाही. माझ्या रक्तात शिसं निघालंय."
तिनं बाळ पदराखाली घेतलं. "खरं सांगू? आमी जाऊ नये म्हणून न्हाई बोलत तुमी. तुमाला माझ्याकडं लेक हाय हेच बघवत न्हाई."
मी जळते हे खरं आहे. झाडलोटीत शिसं आहे हेही खरं आहे. पण माझ्याकडून ऐकल्यावर…

११ फेब्रु.
सासूबाईंनी बाळाची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. मी समोरच तांदूळ निवडत बसले होते. मिरच्या जळल्या, ठसका कुणालाच आला नाही. "बघ, केवढी लागली हुती," म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

१३ फेब्रु.
दुपारी सुप्रिया आपणहून आली. "अक्का, डोहाळ्यात तुमाला कसली चव यायची हो?"
"गोड. तोंडात नाणं धरल्यासारखी."
ती बसलीच खाली. "श्रावणात तुमी माहेरी गेलात, तवा म्हैनाभर मीच हुते की तिथं. चाळायला. मलाबी यायची."
म्हणजे तिनंही चाळलं. तरी तिची आहे.
पहिलं हेच मनात आलं, बाळाची काळजी नंतर.
"बाळाचं रक्त तपासत्यात?" मी म्हटलं, तपासतात.

१७ फेब्रु.
घरी बाळाच्या सर्दीचं कारण सांगून दोघी सांगलीला गेलो. डॉ. बाईंनी मला ओळखलं. नर्सनं बाळाचं नाव विचारलं. सुप्रिया माझ्याकडं बघत राहिली. मीच सांगितलं. जुई.
सुई टोचताना सुप्रियाला बघवेना. "तुमी धरा." धरली. डोकं कोपरात बसलं. जड आहे चांगली.
एसटीत परत घेतली तिनं.

१९ फेब्रु.
दीर एकटेच गेले. सुप्रियानं सांगितलं, वेगळी खोली मिळाल्याशिवाय येणार नाही. सासूबाई दोघींशीही बोलत नाहीत. म्हणजे जुई आता इथंच, माझ्या कानाशी.
रिपोर्ट अजून आला नाही. काय यावं असं मला वाटतं, ते लिहीत नाही.
दुपारी सगळे मळ्यात. सुप्रिया न्हायला गेलेली, बाळ पाळण्यात. भाकरीचं पीठ चाळायचं होतं. चाळणी घेऊन परसात गेले, पीठच ते, तरी पाळण्यापासून लांब बसून चाळलं.