वरच्या कपाटातली दुलई

५ जानेवारी

प्रिय बाई,

तू सुखरूप पोचलीस हे लेकीच्या फोनवरून कळलं. बाळ रात्रभर जागवतं म्हणे. लेकीने आपल्याला वर्षभर जागवलं होतं, त्यामुळे तिच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. जावईबापूंबद्दल मात्र वाटतं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि बाळाला माझ्या वाटचा एक पापा दे.

मी मजेत आहे. मी फोनवर ‘बरा आहे’ यापलीकडे काही बोलत नाही म्हणून तू ही पत्रांची अट घातलीस. “लिहायला बसलात की तुम्हाला थापा मारता येत नाहीत,” असं निघताना म्हणालीस. उभी शाळा तुला बाई म्हणायची आणि सगळी गल्ली मला मास्तर म्हणते, पण आपल्या दोघांत माणसं ओळखायला शिकलंय ते एकच. मी आपला कपडे ओळखतो.

निघताना बोललेली दुसरी गोष्टही लक्षात आहे. तू जूनमध्ये परत येशील तेव्हा मी एकट्याने आपला जिना चढत-उतरत नसेन, तर खालचं दुकान आणि वरचं घर दोन्ही विकायचं, आणि लेकीच्या शहरात तळमजल्यावर राहायला जायचं. तू रागाने म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो. टॅक्सीत पाय ठेवता ठेवता, सामान मोजताना म्हणावं तसं म्हणालीस, म्हणून घाबरलो.

बाई, दुकान बंद करून मी तिथे काय करणार? खिडकीत बसून लोकांच्या पॅन्ट्स बघणार आणि कोणाच्या कुठे झोळ पडलाय ते जावईबापूंना सांगणार. आठवड्यात तेच मला बाहेर काढतील.

तेव्हा मी वजन उतरवायचं मनावर घेतलंय. गुडघ्यांची झीज भरून येणार नाही आणि स्कूटरखाली मोडलेला घोटाही नवा होणार नाही, पण वरचा बोजा तरी कमी करता येईल. सकाळचं खाणं बंद. रात्रीचंही बंद. दुपारी एकदा थोडं. शिवाय पहाटे मैदानाला झपाझप फेऱ्या. महिन्याभरात इतका वाळेन की तू मला हँगरला लावशील.

घर ठीक आहे. कुंड्यांना शेजारीणबाई पाणी घालतात, त्यांना हौस आहे. पत्रं मात्र दुकानाच्या पत्त्यावर पाठव. पोस्टमन जिना चढायला कुरकुरतो.

तुझा
मास्तर

*

९ फेब्रुवारी

प्रिय बाई,

तुझं पत्र मिळालं. बाळाचं नाक माझ्यावर गेलंय हे वाचून आनंद झाला. मुलगी आहे, मोठेपणी ती मला काय म्हणेल ते वेगळं.

आधी बातमी. वकीलसाहेबांचा कोट कापताना मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कापड टेबलावर अंथरलं, खडूने आखलं, कात्री चालवली, आणि कापून झाल्यावर बघतो तर दोन सख्ख्या बहिणी शेजारी शेजारी पडल्यात. वकीलसाहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी दोन्ही बाह्या हातात धरून पाहिल्या आणि म्हणाले, “मास्तर, मला खरंच दोन उजवे हात असते तर आतापर्यंत न्यायाधीश झालो असतो.” भला माणूस. त्याच ठाणातलं कापड मिळालं, कोट झाला.

पण मला काय झालं होतं ते लिहायलाच हवं. उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी आली होती. बाह्या कापल्या आणि मी टेबल धरून खाली बसलो. पडलो नाही. बसलो. गुडघा तर चार दिवस आधीपासूनच उशीसारखा सुजला होता, त्या झपाझप फेऱ्यांनी. वकीलसाहेबांनीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याच पंथातल्या निघाल्या. “उपास कोणी सांगितला?” म्हणाल्या. म्हटलं, माझा मीच. “आणि पळायला?” म्हटलं, चालायचं ठरवलं होतं, घाईने पळणं झालं. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग समजावून सांगितलं. अंगावरचं एक किलो उतरलं की पाऊल टाकताना गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार उतरतो, तेव्हा थोडं उतरलं तरी पुष्कळ. पण उपाशी राहून आधी मांडीचा स्नायू जातो आणि मग गुडघ्याला धरून ठेवायला कोणी उरत नाही. तीन वेळा खायचं, भाजी जास्त, रोज डाळ, अंडं किंवा दही, चहाबरोबरची बिस्किटं बंद. सूज उतरेपर्यंत फेऱ्या नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं आणि त्या सांगतील तेवढंच करायचं.

मग त्यांनी विचारलं, “एवढं वजन वाढेपर्यंत कपडे घट्ट झाले नाहीत का तुम्हाला?”

बाई, खरं उत्तर तुलाच सांगतो. लोकांना कपडे घट्ट होतात तेव्हा कळतं. मला कधी झालेच नाहीत. जरा काचायला लागलं की मी आपली पॅन्ट उसवायचो, आतलं कापड सोडून पुन्हा शिवायचो. स्वतःसाठी कापताना शिवणीत माया, म्हणजे आत दुमडायचं जादा कापड, दुप्पट ठेवायची मला सवयच लागली होती. तुला वाटायचं, एकच पॅन्ट किती वर्षं पुरवतात! ती पॅन्ट माझ्याबरोबर वाढत होती.

आता तुझं काम. लेकीच्या लहानपणची चौकोनांची दुलई बाळासाठी मागितली आहेस. ती वरच्या कपाटात आहे हे मला माहीत आहे. पण जुन्या कापडाची धूळ तान्ह्या बाळाला सोसेल का? म्हणून मी दुकानातल्या तुकड्यांची नवी शिवून पाठवतोय. मऊ आहे. कोपऱ्यात वकीलसाहेबांच्या बाहीचा तुकडा आहे, तोही कामी आला.

काळजी नसावी.

तुझा
मास्तर

*

२८ मार्च

प्रिय बाई,

तुझं पत्र चार ओळींचं आलं. “नवी दुलई छान आहे. मी जुनी मागितली होती. व्हिडिओवर बघावं तेव्हा तुमच्या मागे हँगर असतात, सकाळीही आणि रात्रीही. तुम्ही वर राहत नाही.”

शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

हो बाई. मी वर राहत नाही.

तू गेलीस त्या दिवशी टॅक्सी वळेपर्यंत हात हलवला आणि जिन्याकडे आलो. चौथ्या पायरीवर अडकलो. गुडघ्यात कळ होती, पण ती रोजचीच. तू माझ्या मागून चढायचीस ना, पाठीला तळवा लावून? मला वाटायचं, ही उगीच काळजी करते. त्या दिवशी पाठ मोकळी लागली आणि पायच उचलेना. चौथ्या पायरीवर बसलो आणि बसूनच एकेक पायरी खाली आलो. दुकानात मागच्या खोलीत घडीची खाट टाकली. नळ आहे, संडास आहे, शेगडी आहे. शेजारीणबाईंकडे किल्ली दिली आणि त्यांना शपथ घातली. त्यांनी शपथ पाळली याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

तुला कळवलं असतं तर तू पुढच्या गाडीने परत आली असतीस. लेकीला तुझी गरज होती. हे खरं कारण आहे, पण अर्धं. तुझा निकाल जूनच्या आधीच लागला असता, हे उरलेलं अर्धं.

आता रागवून झालं असेल तर पुढचं वाच, कारण पुढचं चांगलं आहे.

मी पाण्यात चालतो. हसू नकोस. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, जमिनीवर तुमचा गुडघा ओरडतो ना, मग त्याला पाण्यात नेऊ. पोहण्याच्या तलावाला पायऱ्यांऐवजी उतार आहे, त्यावरून कठडा धरून छातीभर पाण्यात जायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालायचं. माझ्या मापाची चड्डी बाजारात नव्हती, मीच शिवली. आमची एक टोळी आहे : एक निवृत्त परिचारिका, खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा आणि तीन बहिणी, ज्या चालतात कमी आणि बोलतात जास्त. पहिल्या दिवशी थोरलीने विचारलं, “तुम्ही काय करता?” म्हटलं, कपडे शिवतो. ती म्हणाली, “मग इथे तुमचं फार नुकसान आहे हो.”

पाण्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, कोणीतरी मला काखेत धरून उचललंय. कितीतरी वर्षांनी मी न दुखता चाललो. तोंड पाण्याने ओलंच होतं, त्यामुळे बाकी कोणाला काही कळलं नाही.

घरी, म्हणजे दुकानात, खाटेवर पडून पाय सरळ उचलायचे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. व्यायामवाल्या बाईंचा नियम असा : व्यायामाचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक असलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, आज कमी करायचं. मध्ये एकदा मला जोर आला, दुप्पट केलं, दुसऱ्या दिवशी घोटा सुजला. “मास्तर, कापड ओढून शिवलं तर काय होतं?” त्यांनी विचारलं. म्हटलं, शिवण उसवते. “मग?” एवढंच म्हणाल्या आणि आठवडाभर नुसतं पाण्यात सोडलं.

वजन अगदी सावकाश उतरतंय. काट्यावर दिसतं न दिसतं. पण गेल्या रविवारी मी पाचवी पायरी चढलो. कोणी मागे नव्हतं. पाचवीवर उभा राहिलो, भिंतीवरचा तुझा तो जुना खिळा पाहिला, ज्यावर छत्री अडकवतेस, आणि शहाण्यासारखा उतरून आलो.

थापा मारल्या, त्याबद्दल माफ कर. तू म्हणाली होतीस तसं फार दिवस जमलं नाही.

तुझा
मास्तर

*

३१ मे

प्रिय बाई,

तिकीट काढल्याचं कळलं. लेक आता एकटीने सांभाळते आणि बाळ रात्रीचं झोपतं, दोन्ही ऐकून बरं वाटलं.

काल मी समोरच्या लंबू टेलरकडे गेलो. वीस पावलांवर त्याचं दुकान, आणि इतक्या वर्षांत मी त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. मला बघून त्याच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

“मास्तर, तुम्ही? काय, भांडायला?”

“माप द्यायला. पॅन्ट शिवायची आहे.”

“कोणाची?”

“माझी रे बाबा. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, तुला माहीत नाही का?”

त्याने टेप काढली. आम्हा लोकांची रीत तुला ठाऊक आहे, एकाने माप घेऊन मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने ते लिहायचं. लंबूने माझी कंबर अशी ओरडून सांगितली की समोरचा वाणी बाहेर आला. एरवी मी मेलो असतो. काल म्हटलं, ओरड, अजून ओरड. आकडा तुला लिहीत नाही. लेकीच्या लग्नातल्या कोटाएवढा नाही, पण त्याच्या शेजारपाजारचा आहे.

“माया किती सोडू?” त्याने विचारलं.

“गिऱ्हाइकाला सोडतोस तेवढीच. वर एक धागा नको.”

तो हसला. बहुतेक त्यालाही त्याची स्वतःची पॅन्ट आठवली.

गुडघे नवे झालेले नाहीत, हे आधीच सांगतो. थंडीत कुरकुरतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन आज नको, कधी लागलं तर या वजनाला सोपं जाईल. पायाने मारायची मशीन मी बंद केली, मोटर बसवली. काम दुपारपर्यंतच घेतो, मध्ये मध्ये उठून पाय मोकळे करतो. आणि जिन्याच्या दुसऱ्या भिंतीलाही कठडा लावून घेतलाय. लोहाराने विचारलं, “म्हातारं कोण आहे घरात?” म्हटलं, कोणी नाही, आम्ही दोघंच.

चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं. मी पुटपुटत चढतो. मंगळवारी चढलो तेव्हा मध्यावर थांबलो, तुझ्या खिळ्यापाशी दम घेतला, आणि मग अजून एक, अजून एक करत दारात उभा राहिलो. दार उघडलं. शेजारीणबाईंनी कुंड्या जगवल्यात. कॅलेंडर जानेवारीवरच होतं, ते फाडून मे केलं. तुझा चष्म्याचा जुना डबा खिडकीत होता. मग पलंगावर जरा बसलो, म्हणजे झोपलोच.

त्या दिवसापासून वर आहे. दिवसातून एकदा उतरतो, एकदा चढतो. जास्त हौस करत नाही.

आता जूनमध्ये काय ठरवायचं ते तू ठरव. ये, जिन्यात माझ्या मागे उभी राहा आणि बघ. तुझा हात लागणार नाही. पण ठेवलास तर मी नको म्हणणार नाही.

सोबत जुनी दुलई पाठवतोय. वरच्या कपाटात, उजव्या बाजूला, तुझ्या पांढऱ्या शालीखाली होती. धुतलेली नाही, डांबरगोळ्यांचा वास येईल, उन्हात टाक. एका चौकोनाची शिवण सुटली होती, ती खिडकीशी बसून घातली.

आणि यापुढे पत्र लिहिलंस तर दुकानाच्या पत्त्यावर लिहू नकोस. पोस्टमनची कधीच तक्रार नव्हती.

तुझा
मास्तर
(वरच्या घरातून)