बंडूला माफ केल्याची कविता

१२ ऑक्टोबर, सकाळ
आधी सगळ्यांची तब्येत. कुसुमला गुडघा कसा आहे विचारलं. म्हणाली, चहा तुम्ही केला तर बरा आहे. नात अनुश्री खोकत खोकत ‘ठीक हूँ आबा’ म्हणाली. भनपुरीच्या बहिणीला, शारदाला, फोनवर बीपी विचारला. गुढियारीच्या धाकट्या भावाची, बंडूची, तब्येत विचारली नाही. तो विषय मनातून गेला आहे.
आजपासून माइंडफुलनेस. अनुश्रीने मोबाइलवर क्लास लावून दिला. क्लासच्या दीदी सांगतात, जुनी जखम कवितेत लिहा आणि सोडून द्या. माझी जखम एकच. बंडूने त्याच्या मंजिरीच्या लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’मध्ये माझ्या वर त्याच्या मेव्हण्याचं, बायकोच्या भावाचं, नाव छापलं. मी थोरला भाऊ. केव्हाच विसरलो. पत्रिका कपाटात प्लास्टिकमध्ये आहे, विसरल्याची खात्री करायला.

१३ ऑक्टोबर
श्वासावर लक्ष. आत घेतला, बंडू. सोडला, मेव्हणा. प्रगती आहे.

१६ ऑक्टोबर
कविता झाली.
‘जा बंडू, तुला मी माफ केले,
जरी मेव्हण्याला तू वर नेले.’
पुढे मांडवात पंख्यापासून लांब बसवल्याचं कडवं आहे. माफीच्या ओळी थोड्या, बाकी पार्श्वभूमी. नाहीतर काय माफ केलं ते कळणार कसं?
कुसुम म्हणाली, माफ करून राहिले का वसुली करून राहिले? तिला कवितेतलं कळत नाही.

२० ऑक्टोबर, दिवाळी
बंडूने अनारसे पाठवले. मला आवडतात म्हणून आठवणीने. चार खाल्ले. पण कविता बदलता येत नाही, यमकं बसली आहेत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, संध्याकाळ
शारदाकडे दोन पाट मांडलेले. म्हटलं, ओवाळण्याआधी मन स्वच्छ करावं. चष्मा लावला, सगळी कडवी वाचली. माहेरी आलेली मंजिरी बंडूसोबत आली होती, दारातच उभी होती. मला दिसली, तरी पूर्ण केली.
बंडू पाटावरून उठला. म्हणाला, दादा, माह्या पोरीचं लग्न होतं ते. तुमाले एवढंच दिसलं?
गेला. मागोमाग मंजिरी.
शारदाने निरांजन खाली ठेवलं. म्हणाली, ओवाळीन तर दोघाले. तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते, त्याले घेऊन या.
श्रीखंड गोड लागेना. दुसऱ्यांदा घेतलं तरी.

२५ ऑक्टोबर
विचार केला. कविता बरोबर होती, सादरीकरण घाईत झालं.
क्लासच्या ग्रुपवर टाकली. दीदींनी फुलं पाठवली, विचारलं, अंकल, हल्का लग रहा है? हो लिहिलं. जेवण गेलं नाही.

२९ ऑक्टोबर
बंडूला भेटायला गुढियारीला गेलो. दारात त्याच्या चपला होत्या. पुढे जाऊन भाजी घेतली आणि परत आलो. कुसुमने विचारलं, आपल्या समता कॉलनीत वांगी भेटत नाहीत का?

१ नोव्हेंबर, दुपार
उद्या तुळशीचं लग्न. बंडूला मेसेज लिहायला बसलो. आपोआप कडवी व्हायला लागली. कुसुम शेजारी बसली, ‘तरीपण’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ पुसायला लावली. ‘मी थोरला असून’ही गेलं. उरलं ते एवढं पाठवलं:
बंडू, मंजिरीसमोर वाचायला नको होतं. मले लाज वाटून राहिली. तिलेही सांग. शारदा अजून थांबली आहे. उद्या येतो का, लवकर लिही.