पडद्यावर तुमची पाठ

आबा, काल नातू विचारत होता, तुझा बाप काय करायचा. म्हटलं, तांगा हाकायचा. पिक्चरमध्येही हाकला होता, हे काही तोंडातून निघालं नाही.

तो पिक्चर आता कुणाला ठाऊक नाही. एक दांडगा पैलवान आणि एक काडीसारखा मास्तर कोल्हापुरातून तांग्यानं नरसोबाच्या वाडीला निघतात आणि वाटभर भांडतात. मास्तर पोथी वाचतो, तोवर पैलवान त्याचा डबा संपवतो. तांगा हाकायचा तो पैलवानानंच, पण त्याचं काम करणारा घोड्याला भ्यायचा. मग लांबून तांगा दाखवायचा असला की त्याचा फेटा, त्याचा सदरा तुमच्या अंगावर चढवायचे आणि पाठमोरं बसवायचे. आठ दिवस उन्हात तेच. घरी येऊन आईला म्हणायचात, "स्टुडिओवालं म्हणत्यात, पाठ लई झ्याक हाय." आई भाकरी थापत म्हणायची, "मग तोंड झाकूनच हिंडा की आता."

पिक्चर लागला त्या दिवशी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून पुढं बाकड्यावर, आई आणि मी मागं बायकांत. थिएटर निम्मं रिकामं. पंचगंगेच्या पुलावर तांगा येतो आणि तुम्ही उठून मागं वळता, ओरडता, "पोरी, बघ, त्यो मीच हाय!" सगळे हसतात. माझ्या शाळेतल्या बाई जवळच बसलेल्या. विचारतात, "कोण गं ते? तुझे वडील?" मी म्हणते, "न्हाय. आमच्याकडचा गडी हाय." लाजले की माझा आवाज चढतो, तुमचाच गुण. आईनं चिमटा काढला, पण तोवर तुम्ही खाली बसला होता.

परतताना मला वाटलं, आता चाबूक. तुम्ही घोड्याकडं बघतच विचारलंत, "तांगा बरा चालत हुता न्हवं?" मी आईच्या पदरात तोंड खुपसलं. मारलं असतंत तर बरं झालं असतं, आबा. मार विसरता येतो. पुढं मरेपर्यंत तुम्ही त्या पिक्चरचा विषय काढला नाहीत.

मी काही गळा काढून माफी मागणारी बाई नव्हे, आणि हा कागद फडताळातच पडणार आहे, म्हणून लिहिते. तीन दिवसांनी दळणाचं निमित्त करून मी एकटी थिएटरवर गेले होते. दारावरचा माणूस दुसऱ्या पिक्चरचा कागद चिकटवत होता.

"त्यो काढला," म्हणाला. "कुणी बघायलाच येईना."

"मी आलेय की!"

"तू एकटी व्हय? जा घरला."

घरी आले तर तुम्ही घोड्याला चंदी घालत होता. बरा चालला, एवढं बोलायला काय जात होतं? पण त्या दिवशी तुम्ही ओरडलात तशी मी मान खाली घातली, ती पिक्चर सुटेपर्यंत वर केली नव्हती. तांगा कसा चालला, मी बघितलाच नाही, आबा.