मोहाखालचे सहा ठिपके

अहेरी,
एप्रिलचा शेवटचा आठवडा

प्रिय लच्छू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नसशील तर तुझा दोष नाही. हल्ली सही करण्यापलीकडे पेन हातात धरत नाही, त्यामुळे अक्षराची पार रया गेली आहे. मी साधना. अहेरीच्या फोटो स्टुडिओवाल्यांची मुलगी, अकरावीत तुझ्या पुढच्या बाकावर बसून भूगोलाचे सगळे नकाशे तुझ्याकडून काढून घेणारी. तू वरोऱ्याच्या शाळेत भूगोलच शिकवतोस असं कळलं तेव्हा मला हसू आलं. तुझ्या आत्याकडच्या मंगलीकडून तुझा नंबर घेतला होता. दोनदा लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. तुझ्या घरातल्या त्या एकुलत्या एक फोटोचं माझ्या हातून काहीतरी होऊन बसलंय, आणि ते फोनवर सांगायला गेले तर तू दुसऱ्याच वाक्याला 'जाऊ दे न' म्हणशील. मला ते जाऊ द्यायचं नाही.

आधी एक कबुली. मी तुझ्या गावाला जाऊन आले. 'मोह पडाले लागला का ये, पहाटेचं गाव पाह्यजो,' असं तू म्हणाला होतास त्याला आता तीस वर्षं झाली. मी हो म्हटलं होतं. आले मात्र नाही, कारण ठरलेल्या दिवशीच सकाळी चिमूरहून पाहुणे मला बघायला आले होते आणि मी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. लच्छू, मला तू आवडायचास. एवढं वाक्य लिहायला सत्तेचाळीस वर्षांचं व्हावं लागलं बघ. आमचे धनराजराव शेजारीच बसून पेपर वाचताहेत, त्यांना हे ठाऊक आहे आणि त्यांनी चहाही केला आहे, तेव्हा तू उगाच घाबरू नकोस.

फोटो माझ्याकडे आला तो फेब्रुवारीत. तुझ्या जुरी आत्याची नात मंगली तो गमछ्यात गुंडाळून घेऊन आली. गावाने सगळ्यांना जमायला नवीन गोटुल बांधलंय, त्याच्या भिंतीवर लावायला गावाचा जुना फोटो मोठा करून हवा होता. टेकडीवरून काढलेला, खाली दहाबारा घरं, मोहाची झाडं, मागे डोंगराची रांग. कोण्या मोजणीवाल्या साहेबांनी एकोणऐंशी साली काढून पाठवला होता म्हणे. जुने रंगीत फोटो जसे लाल पडतात तसा लाल पडलेला, बुरशीने भरलेला आणि ओलीने काचेला चिकटून बसलेला. मी मंगलीला मुद्दाम विचारलं, की लच्छूच्या आईचा एक फोटो होता ना घरात, तो कुठे आहे? ती म्हणाली, 'नाई बाई, घरात हाच एक फोटो हाय.' मला वाटलं, तो हरवला असेल. वाईटही वाटलं.

असं मी का विचारलं, तेही सांगते. शाळेत एकदा तू म्हणाला होतास, 'मायचा एक फोटो हाय आमच्या घरी.' तू चार वर्षांचा असताना ती तापाने गेली हे मला माहीत होतं, म्हणून मी हळूच विचारलं होतं, कशी आहे रे फोटोत? तू हसून म्हणालास, 'बसून हाय.' बस्स. मी स्टुडिओवाल्याची पोर. बसून म्हटल्यावर मला बाबांची ती लाकडी खुर्ची, मागचा तळ्याचा आणि राजहंसाचा पडदा आणि शेजारी स्टुलावरची प्लास्टिकची फुलदाणी, एवढंच दिसलं. तीस वर्षं मी तुझ्या आईला त्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

बाबांची शिकवण होती की चिकटलेल्या फोटोला हात लावण्याआधी त्याची नक्कल काढायची. तेवढं मी केलं, काचेसकट स्कॅन केला. मग पाण्यात भिजवून सोडवायला गेले आणि चित्राचा पापुद्राच काचेवर राहिला. हातात पांढरा कागद आला. मूळ फोटो गेला, लच्छू. त्या दिवशी मी जेवले नाही. पण स्कॅन होता, म्हणून मनाची समजूत घातली आणि कामाला लागले.

काय सांगू तुला, ते दिवस फार सुंदर होते. दुपारी शटर अर्धं ओढून मी कॉम्प्युटरसमोर बसायची आणि तुमच्या गावात उतरायची. लाली थोडी कमी केली की खालून पानांचा हिरवा वर यायचा. सावली उजळली की एखाद्या घराचं दार दिसायचं. ब्रश फिरवत फिरवत मी अंगणं झाडली, कुंपणं जोडली, बुरशीचे ठिपके एकेक टिपून काढले. वेळ कसा जायचा कळायचं नाही, बाहेर आठवडी बाजार उठून जायचा आणि मी तिथेच, त्या झाडांमध्ये. सगळीकडे एक निळसर पांढरं धुरकट होतं, झाडांच्या बुडाशी तर फारच. मला वाटलं, कागद विटलाय. त्यासाठी एक पट्टी असते, ती सरकवली की चित्रातलं धुकं ओसरतं. मी ती पूर्ण सरकवली. डोंगर लख्ख झाला. आभाळ फिकट वाटलं म्हणून प्राणहिता नदीवर मी काढलेल्या एका फोटोतलं निळं आभाळही आणून बसवलं. धनराजराव पाहून म्हणाले, 'हे त महाबळेश्वर दिसून राह्यलं.' मला ते कौतुक वाटलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चार फुटी प्रिंट घेऊन मी स्वतःच गेले. गोटुलात सगळं गाव जमलं होतं. पोरं आपापली घरं शोधत होती, टाळ्या वाजत होत्या. तुझ्या जुरी आत्याला हात धरून पुढे आणलं. तिची नजर आता अगदीच अधू झाली आहे, तिने भिंतीला नाक लावून फोटो पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गोंडीत काहीतरी म्हणाली. मंगली सांगायला तयार नव्हती, मीच आग्रह केला. 'आजी म्हंते, हे मोह वेचाचे दिवस होयेत न, मंग धूर कुठी गेला?' आत्याने बोट एका झाडाच्या बुडाशी टेकवलं आणि अजून एक वाक्य बोलली. 'आन म्हंते, वहिनी इथी बसून होती. ते काऊन नाई दिसत?'

लच्छू, माझा जन्म अहेरीत गेला. मोहाचा वास मला झोपेतही ओळखू येतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला गोळा करून जाळतात, हे मी लहानपणापासून रस्त्याने येताजाता पाहत आले. आणि कॉम्प्युटरवर तोच धूर मला कागदाचा दोष वाटला. तो मी काढला आणि त्याच्या कडेला बसलेली तुझी आई बुरशीचा ठिपका समजून ब्रशने पुसली. वर हिरवं गवत रंगवलं.

मी तिथेच रडले. आत्या रागावली नाही. रात्री तिने मला आपल्या शेजारी झोपवलं आणि पहाटे हाताला धरून तुमच्या मोहाखाली नेलं. झाड अजून आहे, ज्याचं झाड त्याने वेचायचं, म्हणून तू नसताना आत्याच ते वेचते. अर्धवट उजेडात फुलं पडत होती, एक, मग थांबून दोन, मग एकदम पंधरावीस. पालापाचोळ्याचा धूर जमिनीलगत पसरला होता आणि वेचणाऱ्या बाया त्यात कधी दिसत होत्या, कधी दिसत नव्हत्या. मी टोपली घेऊन त्यांच्यात बसले. लांबून कोणी पाहिलं असतं तर मीही एक ठिपकाच दिसले असते. किती वेळ गेला कोण जाणे, मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. तू दाखवणार होतास ते गाव हेच होतं ना?

परत येऊन पहिला स्कॅन पुन्हा उघडला. आभाळ काढून टाकलं, धूर होता तसा ठेवला, फक्त लाली थोडी उतरवली. आत्याने बोट टेकवलं होतं त्या जागी सहा ठिपके आहेत. एक नक्की बुरशीचा असं मला वाटतं, आणि दुसऱ्या क्षणी त्यालाच पदर आल्यासारखा वाटतो. मोठा करून पाहिलं तर सगळेच फुटतात, नुसते चौकोन होतात. आत्याला लॅपटॉपवर दाखवून उपयोग नाही, तिला आता एवढं बारीक दिसत नाही. मंगली आणि बाकीच्या सगळ्यांना तो फक्त गावाचा फोटो होता. तू मात्र लहानपणी रोज त्यासमोर उभा राहायचास, आत्या सांगत होती, झोपेतून उठलास की 'यायो' अशी आईला हाक मारत आधी तिथे जायचास.

म्हणून हे पत्र. सोबत त्या झाडाखालचा भाग मोठा करून दोन प्रिंट पाठवत आहे, आणि परतीचं पाकीट. एका प्रिंटवर पेन्सिलने तुझ्या आईभोवती गोल कर आणि ती मला पाठव. दुसरी तुझ्याकडे ठेव. घाई करू नकोस, सकाळच्या उजेडात बघ, जसा तेव्हा बघायचास. मी केलेल्या चुकीबद्दल हवं तेवढं रागाव, पण गोल मात्र कर. आणि इतक्या वर्षांनी तुलाही ओळखता नाही आली, तर अंदाजाने करू नकोस, सरळ तसं लिही. मग मी गावाचा फोटो सहाही ठिपक्यांसकट छापेन. त्यात पाच डाग राहतील, राहू देत.

तुझीच,
साधना